हाक आधी, घास मग

हैबतीच्या हाकेची गोष्ट वेल्ह्याच्या बाजारातही सांगत. वरच्या अंगाला, जिथं एसटी पोचत नाही आणि पावसाळ्यात दुधाचा टेम्पोही निम्म्या चढावर मान टाकतो, तिथं त्याची धनगरवस्ती. संध्याकाळी तो घरामागच्या टेपाडावर उभा राही, ओठ आवळून ‘टिर्रऽऽ हो’ अशी एक लांब हाक सोडी, आणि समोरच्या उतारावर झुडपांत पांगलेल्या त्याच्या शेळ्या तोंडातला पाला तोंडातच ठेवून माघारी वळत. शेजारी राहणाऱ्या पुतण्याला, धनाजीला, शेळ्या गोळा करायला डोंगर पालथा घालावा लागे. हैबतीचं काम नुसत्या ओठांवर भागे.

खालच्या गावातली माणसं शेळी घ्यायला वर आली की आधी विचारत, “हैबतीच्या हाताखालची हाय का?” कारण त्याच्या शेळीला दावं लागत नसे. आणि हैबतीला याहून मोठा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा होता. तो म्हणे, “म्या उभ्या जल्मात जनावरावर काठी उगारली न्हाई. काठी माझ्या गुडघ्यासाठी हाय.”

ते खरंही होतं. त्याची रीत वेगळी होती आणि ती त्याला बापाकडून, कोंडिबाकडून आलेली होती. करडू आईपासून सुटं करायच्या दिवसांत हैबती गोठ्याच्या कुडामागं जाऊन उभा राही. कारवीचा शेणानं लिंपलेला कूड, पलीकडचं काही दिसत नाही. हातात मूठभर नाचणीचा भरडा. तिथून तो हाक मारी. करडू कुडाला वळसा घालून आलं की भरडा त्याच्या तोंडात. नाही आलं तर भरडा परत डब्यात. मारणं नाही, ओरडणं नाही. पुढल्या खेपेला पुन्हा हाक. “हाक आधी, घास मग,” असं कोंडिबा म्हणायचा. दोन-तीन दिवसांत भलं भलं आडमुठं करडू हाकेवर येई. कुत्री त्यानं अशीच शिकवली, म्हशी अशाच शिकवल्या. सोमनाथ, त्याचा मुलगा, कधी चेष्टेनं म्हणे, “मलाबी तसंच शिकवलंय आबांनी.” सोमनाथ आता वरव्याजवळच्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशीच वर येई. घरात हैबती आणि सून दिपाली, दोघंच. हैबतीची बायको धोंडाबाई जाऊन काही वर्षं झाली होती.

त्या साली भाताच्या कणगीला उंदरांनी खालून भोक पाडलं. दिपालीनं ते शेणामातीनं लिंपलं, उंदरांनी शेजारी दुसरं पाडलं. घोंगड्या कुरतडल्या. दिवाळीनंतर दिपाली माहेरी भोंगवलीला गेली ती येताना बुट्टीत दोन मांजराची पिल्लं घेऊन आली. भोंगवलीहून कापूरहोळ, तिथून गाडी बदलून वेल्हे, मग पायी चढ. एवढ्या वाटेत एक पिल्लू सारखं कावरंबावरं होऊन ओरडत होतं. दुसरं गाडीच्या हॉर्नला, कंडक्टरच्या घंटीला न जुमानता बुट्टीच्या तळाशी गाढ झोपलं होतं.

“लई धीट हाय,” दिपाली सासऱ्याला म्हणाली. “गाडीत येवढा दंगा, पर यानं डोळा उघडला न्हाई.”

दोन्ही पिल्लं कापसासारखी पांढरी. ओरडणाऱ्याचा एक डोळा निळा, एक पिवळा. ते धनाजीच्या बायकोनं, शिवानीनं मागितलं होतं, ते तिच्याकडं गेलं. झोपाळूचे दोन्ही डोळे निळे, पावसाळ्यानंतरच्या आभाळासारखे. ते हैबतीच्या घरी राहिलं. दिपालीनं त्याचं नाव काप्शी ठेवलं.

काप्शी अंगाखांद्यावर खेळणारी निघाली. हैबती दिसला की शेपटी उभी करून धावत येई, त्याच्या घोट्याला अंग घाशी. पण पाठ फिरवून बसली असली की त्यानं कितीही हाका मारल्या तरी ढिम्म. ‘पिस पिस’ केलं, ‘काप्शे’ म्हटलं, शेळ्यांची हाकसुद्धा मारून पाहिली. समोरच्या उतारावरच्या शेळ्यांनी माना वर केल्या. काप्शी आपला पंजा चाटत बसली.

हैबतीला पहिल्यांदा हसू आलं. मग ते हसू कमी होत गेलं.

वस्तीच्या तोंडाशी, जिथं सकाळी दुधाचा टेम्पो लागे, तिथं सगळे कॅन घेऊन जमत. दूध मापून घेणारा आनंदराव हैबतीच्याच वयाचा, जिभेनं तिखट. तिथं एका सकाळी काप्शी हैबतीच्या मागोमाग आली आणि एका दगडावर जाऊन बसली. जायची वेळ झाली तसा हैबती तिला हाक मारू लागला. एकदा मारली, पुन्हा मारली. काप्शी टेम्पोच्या चाकाकडं बघत राहिली.

आनंदराव माप खाली ठेवत म्हणाला, “हैबती, डोंगर ऐकतोय तुझं. वीतभर मांजर ऐकंना व्हय?”

“मांजराची जातच तशी, काका,” धनाजी आनंदरावाला म्हणाला. “आमचं तर त्याहून नग हाय. हाक मारली की उलटीकडं पळतंय.”

“तुझं सोड. तुझ्या शेळ्याबी उलट्याच पळत्यात,” आनंदराव म्हणाला. सगळे हसले. “पर ह्यो हैबती हाय. ह्याच्या घरातलं जनावर हाकेला आलं न्हाई म्हंजे म्हातारा झाला गडी.”

हैबतीनं काप्शीला उचलून काखेत मारलं आणि म्हणाला, “आठवडा थांबा. न्हाई हितं हाकेला आणून दाखवली तर बोला.”

हे बोलायला नको होतं, असं त्याला पुढं फार वेळा वाटलं.

त्याच दिवसापासून कुडामागची रीत सुरू झाली. दुधाची वाटी घेऊन हैबती कुडामागं जाई आणि हाक मारी. अलीकडं काप्शी बसलेली. ती आली नाही की वाटी परत घरात. दुपारी पुन्हा. सांजेला पुन्हा. त्यानं दिपालीला बजावून ठेवलं, “मधी काय घालू नगं तिला. रीत मोडती.”

पहिल्या दिवशी काप्शी भूक लागल्यावर ओरडत घरभर हिंडली. तिचं ओरडणं तिच्या आकाराच्या मानानं फार मोठं होतं, घसा फोडून रडल्यासारखं. दुसऱ्या दिवशी ती हैबतीला बघितलं की आडवी येऊन पायात घुटमळू लागली. तो तिला बाजूला सारून कुडामागं जाई. दिसेनासा झाला की ती तिथंच बसून ज्या बाजूला तो शेवटचा दिसला त्या बाजूला बघत राही. हाक तिच्या डोक्यावरून जाई. एखादं झुरळ, एखादा नाकतोडा पकडून ती खाई. तेवढ्यावर तिनं तग धरला.

तिच्या फासळ्या दिसायला लागल्या तशी दिपालीनं एकदा भाकरीचा कुस्करा दुधात कालवून तिच्यापुढं ठेवला. हैबती दारातून आत आला.

“दिपाली.”

“आबा, ते लई लहान हाय.”

“करडूबी लहानच असतं. तू लाड केलास तर ती कधीच शिकायची न्हाई. म्या मारतोय का तिला?”

दिपालीनं ताटली उचलली. सासऱ्याला उलट बोलायची तिला सवय नव्हती, आणि हैबती चुकतो असं तिनं आजवर कधी पाहिलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून ती काप्शीकडं निरखून बघू लागली. झोपलेली असताना तिच्या शेजारी हातातल्या तव्यावर उलथनं वाजवलं तरी ती हलली नाही. कुत्रं दारात येऊन भुंकलं, कोंबड्या उडाल्या, काप्शी तशीच झोपलेली. पण दार उघडून उजेड आत आला की लगेच डोळे उघडी. दिपालीनं एकदा सासऱ्याला सांगून पाहिलं, “आबा, हिला ऐकू येत नसंल.”

“न्हाई येत?” हैबतीनं हातातली काठी जमिनीवर आपटली. काप्शीनं झटकन मान वळवली. “हे बघ. चांगलं येतंय. नाटकं करती.”

पण दिपालीला दिसत होतं ते दिसतच होतं.

आठवडा भरायच्या आत शेळ्यांना लस टोचायला सुलक्षणा मॅडम वस्तीवर आल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर. बुटांना चिखल, पाठीला पिशवी. हैबतीनं एक हाक मारली आणि सगळ्या शेळ्या वाड्यात, कुंपणाच्या आत, येऊन उभ्या राहिल्या. मॅडम सगळीकडं हे सांगत असत की लस टोचायची तर हैबतीकाकांकडं, पळापळी नाही. काम संपल्यावर दिपालीनं चहा ठेवला आणि सासऱ्याकडं न बघता म्हणाली, “मॅडम, एक पिल्लू बघता का?”

तिनं बघितलेलं सगळं सांगितलं. तवा, कुत्रं, मोठ्यानं ओरडणं.

“त्याला काय झालेलं न्हाई म्याडम,” हैबती म्हणाला आणि पुन्हा काठी आपटली. काप्शीनं मान वळवली.

“काका, काठी जमिनीला लागली. जमीन हादरली ती तिच्या पायाला कळली. कानाला कळलं की नाही ते आपण आता बघू.”

त्यांनी आधी बॅटरी घेऊन दोन्ही कानांत नीट पाहिलं. मळ साचला असेल, पू झाला असेल, किडे झाले असतील तर औषधानं बरं होतं, म्हणाल्या. कान आतून स्वच्छ होते. मग त्यांनी दिपालीला घोंगडीची जाड घडी घालायला सांगितली आणि काप्शीला तिच्यावर ठेवलं, म्हणजे जमिनीचा हादरा पोचणार नाही. कुत्रं बाहेर काढलं. काप्शी थोड्या वेळानं झोपली. भुकेलं पिल्लू लवकर थकतं.

“कुणी हलू नका,” मॅडम हळू म्हणाल्या. “आणि टाळी वाजवायची नाही. जवळून टाळी वाजवली की वारा मिशांना लागतो आणि आपल्याला वाटतं ऐकलं.”

त्या तिच्या पाठीमागं, दोन हात लांब बसल्या. बिस्किटपुड्याचा कागद बोटांत चुरगाळला. बारीक कुरकुर आवाज झाला. उंदीर भातात हिंडतो तसा. काप्शी झोपलेली. मग किल्ल्यांचा जुडगा हलवला. मग तोंडानं बारीक शीळ घातली. शेवटी स्टीलची ताटली हवेत धरून तिच्यावर चमचा मारला. बाहेर कोंबडी फडफडली. काप्शीच्या कानाची पात जागची हलली नाही.

“कानाकडं बघा काका. मांजर मुजोर असतं, हाकेला येत नाही, मान वळवत नाही. पण त्याचा कान मुजोर नसतो. आवाज आला की कानाचं टोक तरी वळतंच.”

मग त्यांनी एका बोटानं घोंगडीची कड हळूच दाबली. काप्शी दचकून उठली, ताठ झाली, चारी बाजूंना बघू लागली. ती जागी असतानाही त्यांनी पाठीमागून तेच सगळं पुन्हा केलं. काही नाही.

“जन्मापासूनच बहिरी असणार. पिल्लांचे कान दोनेक आठवड्यांत उघडतात, महिन्याभरात त्यांना नीट ऐकू यायला लागतं. हिच्या कानाच्या आतला आवाज पकडणारा भागच टिकला नसणार. पांढरं मांजर, निळे डोळे, असं पुष्कळदा असतं. सगळीच पांढरी बहिरी नसतात हां. आणि काहींचा एकच कान जातो. त्यांना आवाज येतो पण कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही. पक्कं सांगायला शहरात यंत्र लागतं, पण घरच्या व्यवहाराला एवढं पुरे. औषध नाही याला. पण आजारही नाही. उजेडानं, हातानं, जमिनीवर टकटक करून शिकवा, शिकेल. फक्त रस्त्यावर आणि टेम्पोखाली जाऊ देऊ नका. तिला चाक ऐकू येणार नाही.”

असं म्हणत त्या काप्शीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हात मध्येच थांबला.

“ही एवढी वाळली का? हाडं लागतात हाताला. काय घालता खायला?”

हैबतीनं काठी मांडीवर आडवी घेतली.

“पोट बिघडलं होतं तिचं, मॅडम,” दिपाली म्हणाली. “आता बरं हाय.”

“मग थोडं थोडं द्या. एकदम नको.” मॅडमनी चहा संपवला, पिशवी पाठीला लावली आणि दारातून वळून म्हणाल्या, “काका, तुमच्याकडं आलं की बरं वाटतं बघा. एक जनावर वाळलेलं दिसत नाही.”

हैबतीनं हात जोडले. मान वर केली नाही.

त्या गेल्यावर दिपालीनं वाटीत दूध घेतलं, कोमट केलं आणि काप्शीपुढं ठेवलं. सासऱ्याला विचारलं नाही. काप्शी डोळे मिटून पीत राहिली, मध्येच ठसकली, पुन्हा प्यायली. हैबती उठून बाहेर गेला आणि कुडामागं, नेहमीच्या जागी, जाऊन उभा राहिला. हातात आज काही नव्हतं.

मॅडमनी जे केलं तेच तो रोज करत होता. पाठीमागून, दिसू न देता, लांबून आवाज. सकाळ, दुपार, सांज. मॅडमना एका बैठकीत कळलं ते त्याच्यापुढं रोज तिन्ही वेळा मांडलेलं होतं, आणि त्यानं प्रत्येक वेळी वाटी उचलून घरात नेली होती. भैरी शेळी त्यानं पाहिली नव्हती असं नाही. त्याच्या बापाच्या वाड्यात एक होती, तिच्या गळ्यातला दोर दुसऱ्या शेळीला बांधत. म्हणजे त्याला माहीत होतं. पण दूध घालायच्या जागी आनंदराव हसला तेव्हापासून त्यानं पिल्लाकडं पाहिलंच नव्हतं. तो त्या हसण्याकडं बघत होता.

आणि वर सून खोटं बोलली. त्याच्यासाठी. तो तिथं बसून असताना.

दोघंही पुढं त्यावर बोलले नाहीत. दिपाली ‘आबा, जेवायला’ म्हणे तेवढंच. पण जेवताना तो काप्शीचं वाढून झालं का ते बघे आणि मगच भाकरी मोडी. काप्शी भरली. पोट वाटोळं झालं. तिला तो आता फळीवर काठी टेकवून शिकवू लागला. ओट्याला लाकडी फळी होती, काप्शीची बसायची जागा तीच. टक टक केलं की ती बसल्या जागी वळे आणि धावत येई. पहिल्यांदा आली तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. ती येऊन त्याच्या मांडीत चढली, पोटाशी गोळा झाली आणि घुरघुरू लागली. तिच्या मनात काही नव्हतं. हेच त्याला सोसेना. कुत्र्याला लाथ बसली की ते दोन दिवस लांब राहतं, तेवढी तरी शिक्षा तिनं द्यायला हवी होती.

असंच एका सकाळी धनाजी आणि आनंदराव टेम्पो यायच्या आधी त्याच्या अंगणात आले. आनंदरावाला आठवड्याची बोली बरोबर आठवत होती.

“काय हैबती, शिकली का मांजर?”

हैबती ओट्यावर बसला होता. काप्शी फळीच्या पार टोकाला, पाठमोरी. सवयीनं त्याच्या तोंडातून “ये काप्शे” निघालं आणि सवयीनंच काठी फळीवर टेकली. काप्शी वळली, शेपटी उभी करून धावत आली आणि त्याच्या मांडीत बसली.

धनाजीनं कपाळाला हात लावला. “मानलं तात्या.”

“हैबतीची हाक हाय ती,” आनंदराव म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “मांजरबी वठणीवर आणलं गड्यानं. कसं केलंस रं?”

हैबतीला चांगलं वाटलं. ते चांगलं वाटलेलं त्याला स्वतःला दिसलं. दारात दिपाली उभी होती, हातात केरसुणी. ती आत निघून गेली.

“रीत... आपली नेहमीचीच,” हैबती म्हणाला.

“हाक आधी, घास मग,” धनाजी म्हणाला. “आता आमच्या येड्यालाबी हाच विलाज.”

ते गेले. दिवसभर हैबती शेळ्यांमागं हिंडला. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं हाक मारली तेव्हा आवाज चिरकला आणि दोन शेळ्या मागं राहिल्या. दिपालीनं त्या आणल्या.

पुढं दोन-तीन दिवसांनी दूध घालायच्या जागी धनाजी मोठ्या उत्साहानं म्हणाला, “तात्या, कालपासनं बंद केलंय त्याचं खाणं. शिवानी वैतागलीया. पर तुमचं बघून म्हटलं, आपणबी हटायचं न्हाई. अजून उलटंच पळतंय. किती दिस लागत्यात?”

टेम्पो उभा होता. आनंदराव मापानं दूध ओतत होता, आणखी चार-सहा जण कॅन घेऊन रांगेत. हैबतीला एकदम दिसलं ते काप्शीचं ओरडणं, घसा फोडून, आणि ज्या बाजूला तो शेवटचा दिसला त्या बाजूला बघत बसणं.

“धनाजी,” तो म्हणाला, “घरी जा आन् त्याला दूध घाल. आत्ता.”

“आं?”

“काप्शी भैरी हाय. जन्मापासनं. ती हाकेला आली न्हाई, काठीच्या हादऱ्यानं आली. म्या तिला उपाशी ठेवली. हाडं दिसंस्तवर ठेवली. म्याडमनं इचारलं तर माझ्या सुनेनं खोटं सांगितलं, म्या सांगू दिलं.”

आनंदरावाचं माप तसंच हातात राहिलं. टेम्पोवाला म्हणाला, “आटपा की, उन्हं चढली,” आणि मग त्यालाही काय झालं ते कळल्यासारखा तो गाडीला टेकून थांबला.

“मग परवा का न्हाई सांगितलंत?” धनाजीनं विचारलं. रागानं नाही, खरंच न कळून.

“परवा तुमी वा वा करत होता.”

कॅन तिथंच ठेवून हैबती धनाजीच्या घराकडं चालू लागला. धनाजी मागून आला. शिवानी दारात होती. तिनं चुलत सासऱ्याला बघून डोक्यावर पदर घेतला, पण बोलायची थांबली नाही. “बरं झालं आलात. हे तुमचंच शिकवलंय न्हवं? माझं पिल्लू कालपासनं रडतंय.”

“व्हय, माझंच,” हैबती म्हणाला. “आधी दूध आण, पोरी.”

पिल्लू प्यायलं. मग हैबतीनं त्याला गोधडीच्या घडीवर बसवलं आणि कोपरीच्या खिशातून बिस्किटपुड्याचा कागद काढला. दिपालीनं तो त्या दिवशी चुलीत टाकायला घेतला होता, त्यानं मागून घेतला होता. तो पाठीमागं, उजव्या अंगाला, दोन हात लांब उकिडवा बसला. कागद चुरगाळला. पिल्लाचा कान हलला. मान वळली, पण डावीकडं. हैबती सरकून डाव्या अंगाला गेला. कागद वाजवला. मान डावीकडंच. पुन्हा उजवीकडं येऊन वाजवला. पिल्लू उठून डावीकडं दोन पावलं गेलं आणि रिकाम्या भिंतीकडं बघत उभं राहिलं.

“बघा, हेच करतंय,” धनाजी म्हणाला. “उलटं.”

“उलटं न्हाई. त्याला एकाच कानानं येतंय. हाक आली येवढं कळतं, कुठनं आली ते कळत न्हाई. ते येतच होतं तुझ्याकडं. वाट चुकत होतं.”

शिवानीनं पिल्लू उचलून छातीशी धरलं. धनाजी भिंतीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “एकच दिस ठेवलं हो तात्या उपाशी,” जणू हैबतीच त्याला जाब विचारणार होता. हैबतीनं मान हलवली आणि बाहेर पडला.

टेम्पो केव्हाच गेला होता. त्याचं त्या दिवशीचं दूध आनंदरावानं मापून पाठवलं होतं आणि रिकामा कॅन धुऊन दगडावर पालथा ठेवला होता.

याला आता वर्ष होत आलं. आनंदरावाची जीभ काही सुधारली नाही. “हैबती, मांजराला एक मोबाईल घेऊन दे, थरथरणारा,” असं तो अधूनमधून म्हणतो आणि चार जण हसतात. हैबती चिडत नाही, हसतही नाही. सुलक्षणा मॅडम पुढच्या खेपेला लस घेऊन आल्या तेव्हा त्यानं चहाच्या आधी, उभ्या उभ्याच सांगून टाकलं की पोट बिघडलेलं नव्हतं. मॅडम “मला वाटलंच होतं,” एवढंच म्हणाल्या आणि सिरिंज भरायला लागल्या. त्या वेळी त्यांनी शेळ्यांचं कौतुक केलं नाही. ते त्याला बरोबर वाटलं.

कुडामागची रीत त्यानं सोडलेली नाही. करडं अजून हाकेवर येतात. पण एखादं पहिल्या हाकेला आलं नाही की तो भरडा डब्यात टाकत नाही. वळसा घालून पुढं येतो, करडाच्या मागं उकिडवा बसतो आणि खिशातला कागद चुरगाळतो. कान हलला की उठतो. धनाजी म्हणतो, तात्यांना आता कागदाचं येड लागलंय.

काप्शी मोठी झाली. उंदीर ती पकडते. ऐकून नाही, कणगीला अंग टेकून बसते आणि आत काही सरकलं की तिला कळतं. सांजेला शेळ्या आल्या की हैबती वाटीत दूध घेतो, फळीवर ठेवतो आणि मग काठी टेकवतो. ती धावत येते. पिऊन झाल्यावर त्याच्या मांडीत चढून निळे डोळे वर करून त्याच्या तोंडाकडं बघत बसते. तो तेवढा वेळ समोरच्या उतारावर काहीतरी बघत राहतो.